पणजोबांच्या सूटीचा कागद कुठे मिळेल?

चांद्याची लेक:
मी चंद्रपूरची, बाबा कोळसाखाणीत सरदार, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे होते. लग्न करून आले तीही साउथ वेल्सच्या खाणवाल्या घरात! नवऱ्याचे पणजोबा ऱ्होंदा खोऱ्यात कोळसा तोडायचे. जन्म 1890. 1911 च्या जनगणनेत चक्क 'कोल ह्यूअर, बिलो ग्राउंड' लिहिलंय. त्यांचा दिव्याचा पितळी बिल्ला आमच्याकडे आहे, नंबर पार झिजलाय. बाबांना व्हिडिओवर दाखवला तर म्हणाले, "अगं, हेच आमचं. बिल्ला द्यायचा, दिवा घ्यायचा."

पहिल्या महायुद्धाच्या लष्करी नोंदींत त्यांचं नाव नाही. सासूबाई म्हणतात, खाणीमुळे सैन्यभरतीतून सूट होती. नवऱ्याची आत्या म्हणते, "सूट कसली, लपला होता!" कुणी तरी त्यांना भित्रा म्हणून पोस्टाने पांढरं पीस पाठवलं होतं म्हणे. सूटीचा कागद शोधण्यात तीन रविवार गेले. कुणाला अनुभव?

गाठोडेवाला, लीड्स:
नाव नाही यावरून काही ठरत नाही. सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या निम्म्याहून जास्त सैनिकांचे कागद जळाले.

सूटीचा कागद तर विसराच. 1916 मध्ये सक्तीची भरती आली तेव्हा गावोगाव ट्रायब्युनल (सूट द्यायची का ते ठरवणारी मंडळं) बसली, पण खाणवाल्यांसाठी 'कोलिअरी रिक्रूटिंग कोर्ट' वेगळं. ट्रायब्युनलचे बहुतेक कागद युद्धानंतर सरकारनेच नष्ट करायला लावले. लंडनकडच्या मिडलसेक्सचे उरलेत, तुम्हाला काय उपयोग! त्यात 1915 च्या राष्ट्रीय नोंदणीत खाणकामगारांच्या नावापुढे आधीच चांदणी मारलेली, म्हणजे यांना कामावरच ठेवायचं.

मी माझ्या सासऱ्यांच्या वडिलांसाठी वर्षभर हाच कागद शोधला. मग उलटं केलं: कागद सोडला, माणूस शोधला. 1918 ची मतदारयादी बघा. फौजेत असलेले 'अनुपस्थित मतदार' म्हणून वेगळे दाखवलेत. पणजोबा साध्या यादीत सापडले तर ते घरीच होते. मुलांचे जन्मदाखलेही काढा, बापाचा धंदा लिहिलेला असतो.

खोदकामी:
वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइनवर 1919 पर्यंतची वर्तमानपत्रं फुकट आहेत. 'ऱ्होंदा लीडर' चाळा.

आणि आत्याबाई अगदीच चूक नाहीत हं. भरती चुकवायला खाणीत शिरलेली पोरं होती. म्हणूनच 14 ऑगस्ट 1915 नंतर आलेल्यांची सूट पुढे काढून घेतली. दांडीबहाद्दरांचीही. पण तुमचे पणजोबा 1911 लाच खाली उतरत होते, ते त्यातले कसे?

चांद्याची लेक:
मतदारयादीसाठी कार्डिफला जायचंय, पण दाखला घरातच निघाला! सासूबाईंच्या बिस्किटांच्या डब्यात, विम्याच्या पावत्यांखाली. आजेसासूबाईंचा जन्म फेब्रुवारी 1917, बापाचा धंदा 'कोल ह्यूअर', आणि जन्म नोंदवायला गेले तेही तेच. खाली त्यांचंच नाव.

आत्याला लगेच फोन लावला. जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "बरं. पण त्या बाईने पीस पाठवलं होतं, हे खरंच आहे." कुठली बाई, ते काही सांगेना.