दोन प्रोसेसर, एक ड्रायव्हर: इंटरप्ट नंबरांचा तक्ता ठेवू कुठे?

हिंगणा_वर्कशॉप (नागपूर)

मंडळी, नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. संत्र्याची प्रतवारी करणारं यंत्र बनवतो. पट्ट्यावर लोडसेल फळाचं वजन घेतो, पुढे प्रकाशाच्या सेन्सरसमोर फळ आलं की पिन खाली जाते आणि त्या क्षणापासून मोजून सोलेनॉइड फळाला त्याच्या खोक्यात ढकलतो. आधी पोलिंग (सेन्सरला सारखं विचारत राहणं) करून पाहिलं, पण पट्टा जोरात असला की फळ शेजारच्या खोक्यात जायचं. म्हणून इंटरप्टवर, म्हणजे सेन्सरने स्वतःच प्रोसेसरला हाक मारण्यावर, चालणारा लिनक्स कर्नल ड्रायव्हर लिहिला.

रास्पबेरी पाय 4 वर सगळं नीट चालून राहिलं होतं. सेन्सर बोर्डाच्या जीपीआयओ (इनपुट-आउटपुट पिन) 17 वर आहे. एक मॉड्यूल जीपीआयओडी_टू_आयआरक्यू वापरून त्या पिनचा इंटरप्ट नंबर (आयआरक्यू) घेतं, तो निघाला 54. दुसरं मॉड्यूल स्टॉप बटणाचं. त्यात मी डिसेबल_आयआरक्यू(54) असं सरळ लिहून टाकलं होतं. मागच्या महिन्यात नवीन कर्नल टाकला आणि ऐन मृग बहाराचा माल पट्ट्यावर असताना स्टॉप दाबलं तर पट्ट्याचा सेन्सर सुरूच, आणि नेटवर्क बंद! नवीन कर्नलमध्ये 54 हा नंबर इथरनेटला गेला होता. हे शोधायला दोन रात्री गेल्या.

पायचा प्रोसेसर आर्मचा. आता तेच यंत्र रिस्क-व्ही या वेगळ्या प्रोसेसरच्या बोर्डावरही चालवायचं आहे. मी एक हेडर फाइल केली आहे: इफडेफ (कंपाइल करतानाची अट) लावून आर्म64 असेल तर हे नंबर, रिस्क-व्ही असेल तर ते. पण हे बरोबर वाटत नाही. शिवाय रिस्क-व्हीवर डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावर काय कुठे जोडलंय त्या वर्णनातून) नंबर काढणारं आयआरक्यू_ऑफ_पार्स_अँड_मॅप वापरलं, चूक आली का तेही तपासलं (नंबर शून्यापेक्षा कमी आहे का), तरी इंटरप्ट मागणारं रिक्वेस्ट_आयआरक्यू -22 (चुकीचं इनपुट) देते. दोन्ही आर्किटेक्चरना चालेल असा तक्ता कसा करायचा?

जुना_पॉवरपीसीवाला

भाऊ, तक्ता करूच नका. तुमच्या मशीनवर /प्रॉक/इंटरप्ट्स उघडा आणि सेन्सरची ओळ बघा. सुरुवातीला कर्नलचा नंबर, पुढे प्रत्येक कोरवर किती वेळा आला ते आकडे, मग कंट्रोलरचं (इंटरप्ट गोळा करून पुढे देणाऱ्या भागाचं) नाव आणि त्यानंतर 17. हा 17 हार्डवेअरचा नंबर आहे, त्या जीपीआयओ कंट्रोलरच्या घरातला. सुरुवातीचा नंबर कर्नलने मॅपिंग करताना मोकळा होता म्हणून दिला. बूटचा क्रम बदलला, एखादं डिव्हाइस वाढलं की तो बदलतो. त्याला कॉन्स्टंट मानलं तर तुमच्यासारखंच होणार.

हे दोन नंबर वेगळे ठेवायची गरज पॉवरपीसीवर फार लवकर भासली. एकाच प्रोसेसर घराण्यात मॅक, आयबीएमचे सर्व्हर, सेल (प्लेस्टेशन 3 चा प्रोसेसर) आणि शेकडो एम्बेडेड बोर्डं, प्रत्येकाचा इंटरप्ट कंट्रोलर वेगळा. जुन्या पीसीवर 8259 या इंटरप्ट कंट्रोलरच्या दोन चिप मिळून 0 ते 15 एवढेच नंबर, तिथे नंबर म्हणजेच तार असं धरून चाललं. पॉवरपीसीवर ते शक्यच नव्हतं. तिथला आयआरक्यू_होस्ट नावाचा कोड हीच भाषांतराची जागा होती. पुढे आर्मवरही बोर्डांची तीच गर्दी झाली आणि त्या कामासाठी वेगळा आयआरक्यू_डोमेन तयार झाला. लिनक्सचे डेव्हलपर ग्रँट लाइकली यांनी 2012 मध्ये दोन्ही एकत्र करून कर्नल/आयआरक्यू या सामाईक फोल्डरमध्ये आणले. ते लिनक्स 3.4 मध्ये आलं. मी तेव्हा एका पॉवरपीसी बोर्डाचा कोड सांभाळत होतो. आमच्या आर्क (प्रोसेसरनिहाय कोडच्या) फोल्डरमधल्या कितीतरी ओळी उडाल्या, आणि त्या उडताना मला खरंच फार बरं वाटलं होतं.

यातली मुख्य गोष्ट अशी की विभागणी प्रोसेसरवरून नाही, कंट्रोलरवरून आहे. आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर, जीआयसी, घ्या. त्यात 0 ते 15 कोरांनी एकमेकांना पाठवायचे, 16 ते 31 प्रत्येक कोरचे खासगी, आणि 32 पासून बाहेरच्या डिव्हाइसचे. डिव्हाइस ट्रीमध्ये बाहेरचा 1 लिहिला की तो जीआयसीच्या लेखी 33. हे 32 मिळवणं जीआयसीच्या ड्रायव्हरने करायचं. रिस्क-व्हीच्या प्लिक या कंट्रोलरमध्ये 0 राखीव, मोजणी 1 पासून, मिळवायचं काही नाही. दोघांच्या वर मॅपिंगचा कोड मात्र एकच. तुमचा ड्रायव्हर तर जीपीआयओच्या पिनवर बसलाय, म्हणजे जीआयसी-प्लिकच्याही एक पायरी खाली. त्याला प्रोसेसर कोणता हे कळायचंही कारण नाही.

आता तुमचा -22. आयआरक्यू_ऑफ_पार्स_अँड_मॅप चुकलं की शून्य देतं, ऋण आकडा नाही. लिनक्समध्ये नंबर 0 म्हणजे "इंटरप्ट नाही". तुमच्या तपासणीतून शून्य निसटला आणि पुढे रिक्वेस्टने तो नाकारला. माझा अंदाज, रिस्क-व्ही बोर्डावर तुमचा ड्रायव्हर जीपीआयओ कंट्रोलरच्या आधी उठतोय, त्यामुळे डोमेन नोंदलेलंच नाही. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू वापरा. ते अशा वेळी -517 देतं, म्हणजे "थोडं थांबून परत ये". तो आकडा प्रोबमधून (ड्रायव्हर सुरू करणाऱ्या फंक्शनमधून) जसाच्या तसा परत करा, कर्नल तुम्हाला पुन्हा बोलावेल.

मानेवाडा_एम

दादा, याच धाग्यात माझंही विचारून घेतो. मी शिकण्यासाठी स्वतःचा छोटा कर्नल लिहून राहिलो, क्यूएमू या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्हर्ट मशीनवर. आर्म64 ला यूआर्टचा (सिरियल पोर्टचा) इंटरप्ट 33 येतो, रिस्क-व्हीला 10. माझ्याकडे दोन्हीकडे वेगळी स्विच-केस आहे. मला डोमेन वगैरे एवढं मोठं लागेल का?

जुना_पॉवरपीसीवाला

तुझं काम शंभर-दीडशे ओळींत होईल. प्रत्येक कंट्रोलरसाठी एक स्ट्रक्ट: किती तारा, हार्डवेअर नंबरावरून तुझा नंबर शोधायचा अ‍ॅरे, आणि चार फंक्शन पॉइंटर, म्हणजे भाषांतर, मास्क (इंटरप्ट अडवणं), अनमास्क (सोडणं), "झालं". एक्सेप्शन आल्यावर कंट्रोलरला "कोण आलंय?" हे विचारायचा भाग आर्किटेक्चरकडे राहू दे. तिथून हार्डवेअर नंबर हातात आला की पुढचं सगळं सामाईक.

एकच जपून कर. प्लिकमध्ये क्लेम केलेला (हातात घेतलेला) नंबर कम्प्लीट (काम झाल्याचं कळवणं) करताना परत लिहावा लागतो, जीआयसीतही शेवटी तसंच. तिथे हार्डवेअरचाच नंबर जायला हवा. तुझा नंबर चुकून गेला तर पहिला इंटरप्ट येईल आणि नंतर शांतता. यात माझा पूर्ण आठवडा गेलेला आहे. म्हणून दोन नंबरांना दोन वेगळे टाइप दे, कंपायलरलाच अडवू दे.

हिंगणा_वर्कशॉप (नागपूर)

दादा, अंदाज तंतोतंत होता. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू लावल्यावर पहिल्यांदा -517, मग जीपीआयओ उठला आणि दुसऱ्या प्रोबमध्ये नंबर मिळाला. हेडर फाइल काढून टाकली. आता दोन्ही बोर्डांच्या डिव्हाइस ट्रीमध्ये एक-एक नोड आहे: इंटरप्ट-पेरेंट म्हणून त्या बोर्डाचा जीपीआयओ, पुढे पिन आणि 2, म्हणजे पिन खाली जातानाची कड. ड्रायव्हरची सी फाइल दोन्हीकडे एकच, एकही इफडेफ नाही.

स्टॉप बटणाचं मॉड्यूल वेगळं ठेवलंच नाही, सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये घेतलं. ज्याने नंबर घेतला तोच बंद करील. वर्कशॉपमधल्या पोराला समजावताना कळमन्याच्या बाजाराचं उदाहरण दिलं: गाळा 17 हा गाळ्याचा नंबर, गेटवर मिळालेलं टोकन त्या दिवसापुरतं. कालचं टोकन घेऊन आज माल उचलायला गेलं तर दुसऱ्याचा ट्रॅक्टर रिकामा होईल. त्याला लगेच कळलं.

आज दुपारी रिस्क-व्हीवर तीन क्रेट संत्री चालवली. स्टॉप दहा वेळा दाबलं. सेन्सर दर वेळी थांबला, नेटवर्क सुरू राहिलं.