शब्दचर्चा : मत्स्यटाकीतील ‘लपण’ आणि ते ‘विसळणे’

प्रश्न

घरगुती मत्स्यटाकीची निगा कशी राखावी याविषयी मी एक छोटी मराठी माहितीपत्रिका लिहीत आहे. मासे ज्यांच्या पोटात शिरून बसतात अशा पोकळ वस्तूंवर, म्हणजे किल्ला, फुटके जहाज, मडके, ओंडका यांवर, तिच्यात एक स्वतंत्र भाग आहे. या सर्वांसाठी एक सुटसुटीत शब्द कोणता घ्यावा? आणि त्यांच्या सफाईसाठी ‘धुणे’, ‘घासणे’, ‘विसळणे’ यांपैकी काय लिहावे, की ‘स्वच्छ करणे’ पुरेसे आहे?

प्रतिसाद १

आधी क्रियापदांचे पाहू, कारण माशांचे बरेवाईट त्यांवरच ठरते. ‘स्वच्छ करणे’ टाळावे, असे मी आग्रहाने सुचवीन. ते वाचून माणूस वस्तू सिंकमध्ये नेतो, साबण लावून ती लख्ख करतो आणि परत टाकीत ठेवतो. साबणाचा अंश बारीक भेगांत राहिला तर तो माशांच्या कल्ल्यांना अपायकारक ठरतो. शिवाय माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू मुख्यतः फिल्टरमध्ये राहत असले, तरी अशा वस्तूंच्या पृष्ठभागावरही त्यांचा थर धरलेला असतो, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिनसुद्धा त्याला मारक ठरतो.

म्हणून नेहमीच्या निगेसाठी ‘विसळणे’ हाच शब्द योग्य आहे. विसळण्यात सुटा मळ जातो आणि चिकटलेला थर बव्हंशी राहतो, नेमके तेच येथे हवे आहे. पत्रिकेत मात्र ‘पाणी बदलताना बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात विसळावे’ असे पूर्ण वाक्य द्यावे. सर्व वस्तू आणि फिल्टर एकाच दिवशी विसळू नयेत, हेही त्याला जोडून सांगावे.

पोकळ वस्तूसाठी याहून नेमके क्रियापद आपल्याकडे आहे, ते म्हणजे ‘खळबळणे’. अरुंद तोंडाची बाटली आपण घासत नाही, खळबळून घेतो. किल्ल्याच्या पोटात पाणी भरावे, दारावर तळहात दाबून धरावा, जोराने हलवावे आणि पाणी एकदम ओतून द्यावे. पहिल्या खेपेला तपकिरी, दाट साका बाहेर पडतो, त्यात खाद्याचे कण आणि विष्ठा असते. पोकळीला एकच लहान छिद्र असेल तर आत पाणी खेळत नाही, तेथला प्राणवायू संपतो आणि तळाशी काळा गाळ साचतो. तो ढवळला की हायड्रोजन सल्फाइडचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा वस्तूच्या आत सुई काढलेल्या सिरिंजने पाण्याची धार मारावी, म्हणजे कोपऱ्यांतला साकाही सुटतो. (‘साका’ हा शब्द मागे पडत चालला आहे, पण तळाशी बसलेल्या मळासाठी तो इतका नेमका आहे की पत्रिकेत तो अवश्य ठेवावा.)

‘घासणे’ हे बाहेरच्या अंगाला लावावे. नव्या टाकीत दिसणारा तपकिरी, भुकटीसारखा थर डायाटम या सूक्ष्म शैवालांचा असतो आणि तो बोटानेही पुसला जातो. जुन्या टाकीतील हिरवे ठिपके मात्र दात घासण्याच्या जुन्या ब्रशने घासावे लागतात. या सगळ्याला आपण ‘शेवाळ’ म्हणतो, आणि निळसर हिरव्या बुळबुळीत पडद्यालाही तेच म्हणतो, पण तो पडदा वस्तुतः सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचा असतो.

उरला तो पांढरा, कडक थर. पाठ्यपुस्तकात ‘दुष्फेन पाणी’ असा शब्द आहे, परंतु लोक ‘जड पाणी’ किंवा ‘बोअरचे पाणी’ म्हणतात, तेव्हा आपणही तसेच लिहावे. असे पाणी वापरणाऱ्या घरांत किल्ल्याच्या पाण्याबाहेर राहणाऱ्या बुरुजांवर ‘क्षारांचा पापुद्रा’ धरतो. त्यावर पांढरे व्हिनेगर लावले की बुडबुडे येतात आणि तो मऊ पडतो, मग घासून भरपूर पाण्याने धुवावे. शिंपले, प्रवाळ किंवा चुनखडीच्या वस्तूंना व्हिनेगर लावू नये, कारण त्या स्वतःच विरघळू लागतात.

प्रतिसाद २

नामाविषयी थोडे. ‘शोभेची वस्तू’ म्हटले की माशाची बाजू सुटते, आणि ‘गुहा’ म्हटले की मडके व जहाज सुटते. ‘खबदाड’ मला फार आवडतो, पण त्यात अडचणीचा भाव आहे. वन्यजीव निरीक्षकांचा ‘लपण’ हा शब्द रूढ आहेच, फरक इतकाच की तेथे पाहणारा लपतो आणि येथे मासा लपतो. मी ‘लपण’ घेईन.

आपल्या यादीत एक क्रियापद राहिले आहे, ते म्हणजे ‘कलंडवणे’. लपण थेट बाहेर काढू नये, आधी पाण्यातच हळूहळू कलंडवावे आणि आतला मासा बाहेर पडू द्यावा. प्लेको (तळाशी राहणारा, शेवाळ खरवडून खाणारा मासा) घाबरला की पंख ताठ करून आत घट्ट अडकून बसतो आणि लपणासह पाण्याबाहेर येतो. त्याला ओढून काढू नये, लपण पुन्हा पाण्यात ठेवून वाट पाहावी. ब्रिसलनोज प्लेकोचा नर लपणात अंडी राखत, पंखांनी वारा घालत बसला असेल, तर तेवढे दिवस त्या लपणाला हातही लावू नये.

प्रश्नकर्ता

‘लपण’ घेतो, आणि ‘कलंडवणे’ सर्वांत आधी घालतो. आता ‘निर्जंतुक करणे’ कोठे लिहावे?

प्रतिसाद १

ते वेगळ्या चौकटीत लिहावे. टाकीत रोग येऊन गेला असेल किंवा जुने लपण दुसऱ्याकडून घेतले असेल, तरच त्याची गरज असते. सुगंध नसलेले घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी २० भाग या मिश्रणात लपण १० ते १५ मिनिटे बुडवावे, पोकळीतही मिश्रण भरेल असे पाहावे, नंतर वारंवार खळबळून क्लोरिननाशक घातलेल्या पाण्यात ठेवावे आणि वास पूर्ण गेल्यावर वाळवावे. भट्टीत न भाजलेला रंग दिलेल्या वस्तू, लाकूड आणि सच्छिद्र मातीची मडकी यांना ब्लीच लावू नये, कारण ते आत मुरते. ‘उकळणे’ हा शब्द रेझिन व प्लास्टिकच्या लपणांसाठी कोठेही येऊ देऊ नये. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो, हे वाक्य पत्रिकेत ठळक अक्षरांत छापावे.