अनुभव धागा: संकटाच्या वेळी साहेबांनी केलेली छोटीशी गोष्ट

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात आपल्या आयएनएस खुकरीवर टॉर्पेडो मारला. जहाज काही मिनिटांत गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्याच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला देऊन टाकलं आणि ते जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीव तेव्हा आपल्याच 'गोवा, दमण आणि दीव' प्रदेशात होतं.

माझे बाबा नौदलात होते. खुकरीचा विषय निघाला की ते टॉर्पेडोबद्दल थोडंच बोलायचे, जॅकेटबद्दल मात्र पुन्हा पुन्हा. बुडत्या जहाजावर कप्तानाच्या डोक्यात काय काय चाललेलं असेल! तरीही समोरच्या पोराच्या अंगावर जॅकेट नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. बाबांना त्याचंच मोठं वाटायचं.

गोव्यात, आणि पलीकडे सावंतवाडी-दोडामार्गातही, घरटी नाही तरी वाड्यावाड्यात कुणीतरी फौजेत किंवा नौदलात असतंच. तुमच्याकडे अशी एखादी गोष्ट असेल तर लिहा. जीव दिल्याचीच हवी असं नाही. लढाईत, वादळात, अपघातात वरच्या माणसाने खालच्या माणसासाठी केलेलं काहीही चालेल. साहेबांची, जहाजांची, पलटणींची नावं घालू नका. स्वतःचं किंवा घरातलं तेवढंच लिहा, ऐकीव नको.

वास्को, निवृत्त नौसैनिक

मी मूळचा काणकोणचा. नोकरीच्या सुरुवातीला आमचं जहाज बंगालच्या उपसागरात चक्रीवादळाच्या कडेला सापडलं. माझी ड्यूटी इंजिन रूममध्ये. खाली डिझेलचा वास, उकाडा, आणि जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. पोटात पाण्याचा घोट राहत नव्हता. ओकून ओकून शेवटी नुसतं पिवळं पित्त पडायला लागलं. समुद्र लागणं ही नौदलात रोजचीच गोष्ट, त्यासाठी कुणी काम सोडत नाही. मीही बादली शेजारी ठेवून उभा होतो.

वादळात कप्तान ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची वरची खोली, सोडत नाहीत. पहाटे वारा थोडा पडला तेव्हा ते राउंडला खाली आले. डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "घर पे बीमार पडते हो तो माँ क्या देती है?" मी म्हटलं, "पेज, सर." ते पंजाबचे, त्यांना पेज काय ठाऊक! मी सांगितलं, तांदूळ भरपूर पाण्यात शिजवायचे, मीठ घालायचं, बाजूला लोणचं.

वादळात गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, चूल पेटवत नाहीत, कोरडं खाणं वाटतात. भांडी घसरू नयेत म्हणून चुलीवर लोखंडी पट्ट्या असतात, पण त्या दिवशी पट्ट्यांनीही भागलं नसतं. तरी कप्तानांनी समुद्र जरा सोसण्यासारखा झाल्याबरोबर कुकला निरोप पाठवला. कुकने मोठ्या पातेल्यात तळाशी चार बोटं एवढीच पेज केली, हिंदकळून सांडू नये म्हणून, आणि एक माणूस पातेलं धरून उभा राहिला. स्टीलच्या मगात ती माझ्यापर्यंत आली. वर आंब्याच्या लोणच्याची एक फोड. लोणचं ऑफिसर्स मेसमधून आलं होतं हे मला नंतर कळलं.

ती पोटात राहिली. दुपारी मी पुन्हा ड्यूटीवर होतो. पुढे त्या जहाजावर हवा बिघडली की कुक स्वतःच विचारायचा, "गोवा वाला कांजी बनाऊँ?"

वाळपई, सत्तरी

१९९९. कारगिलच्या वेळी यजमान तोफखान्यात होते, द्रासच्या बाजूला. मी माहेरी, दिवस भरत आलेले. घरी फोन नव्हता. गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता तिथे संध्याकाळी सगळे बातम्या बघायला जमायचे, पण मला कुणी बसू देत नव्हतं. पत्रं ५६ एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर जायची आणि तिकडून यायची. मग तीन आठवडे काहीच आलं नाही.

नंतर एक आंतर्देशीय आलं. पत्ता वेगळ्याच हस्ताक्षरात. माझे हातपायच गळाले. आई म्हणाली, "उघड आधी, वाच." आत मराठी होतं, पण कसलं मराठी! "आइला सांग मि बरा आहे." "बाळाच नाव आबांना ठेऊ दे." प्रत्येक ओळीत ऱ्हस्व-दीर्घ उलटेपालटे, 'ळ' च्या जागी कुठे 'ल', कुठे खोडून पुन्हा 'ळ'. शब्द मात्र यजमानांचेच. आजोबांना आबा आमच्याच घरात म्हणतात.

तळाशी हिंदीत दोन ओळी होत्या. त्यांच्या उजव्या हाताला दुखापत आहे, बँडेज आहे, बोटं शाबूत आहेत, महिन्याभरात स्वतः लिहितील. खाली सही बॅटरी कमांडरांची, म्हणजे त्यांच्या तोफांच्या तुकडीच्या साहेबांची.

यजमान घरी आले तेव्हा सगळं कळलं. कमांडर साहेब उत्तर प्रदेशातले, मराठीचा गंध नाही. दिवसभर गोळाबारी चाललेली. रात्री ते बंकरमध्ये आले, टॉर्च दातांत धरला आणि म्हणाले, तू तुझ्या भाषेत बोल, मी ऐकू येईल तसं लिहितो. यजमान म्हणाले, साहेब, हिंदीत लिहा, ती वाचेल. साहेब म्हणाले, हिंदी वाचून तिला वाटेल कुणीतरी भलताच बोलतोय. यजमान एकेक शब्द सावकाश उच्चारत होते आणि साहेब मधे थांबून विचारत होते, "ये ल है कि ड़?"

मुलगी झाली. नाव आबांनीच ठेवलं. ते पत्र तिच्या कागदपत्रांच्या फायलीत आहे, जन्मदाखल्याच्या मागे.

पेडणे

कमांडर म्हटलं की लोकांना कर्नल, कॅप्टन दिसतात. जवानाचा पहिला कमांडर असतो सेक्शन कमांडर, म्हणजे बहुतेक वेळा हवालदार. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. ग्लेशियरवर माझ्या पायाची बोटं बधिर झाली, पांढरी पडली. आमच्या हवालदारांनी माझे बूट-मोजे काढले, स्वतःच्या जॅकेटची चेन उघडली, आतले कपडे वर केले आणि माझी पावलं थेट आपल्या पोटाला लावून जॅकेट वरून ओढून घेतलं. उणे तापमानात! आपल्या भाषेत शिव्या देत होते, झोपू नको म्हणून. दहाच्या दहा बोटं आहेत माझी.

फोंडा

माझी गोष्ट इथे बसते की नाही ठरवा. शत्रूच्या कमांडरची आहे.

माझे वडील गोवा मुक्तीच्या चळवळीत आग्वादच्या तुरुंगात होते. पोर्तुगीज पोलिसांचा मार त्यांनी खाल्लेला. डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य आलं तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा इथला गव्हर्नर-जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांना हुकूम होता, शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण जायचं नाही. बाणस्तारी आणि बोरीचे पूल उडवले गेले, पण जनरलने आपली पोरं कापून काढायला दिली नाहीत. १९ डिसेंबरला शरणागती लिहून दिली. ३,००० हून जास्त सैनिक कैदी झाले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात जिवंत घरी गेले. जनरलला मात्र १९६३ मध्ये सैन्यातून काढून टाकलं. हुद्दा परत मिळाला तो पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतर.

फोंड्यातही युद्धकैद्यांची छावणी होती. वडील तारेपलीकडून त्यांना बघून आले. घरी येऊन आजीला म्हणाले, "मिसरूडही न फुटलेली पोरं गो ती." राज्यकर्त्यांवरचा त्यांचा राग शेवटपर्यंत गेला नाही, जाऊही नये. पण त्या जनरलबद्दल ते वाईट बोलले नाहीत. इतक्या जणांवर दया म्हणजे छोटी गोष्ट नव्हे, हे मान्य. तरी प्रत्येकाच्या आईच्या दृष्टीने ती एकाच पोराची गोष्ट होती, म्हणून लिहिली.

मडगाव

वरचं सगळं खरं असेल, मनाला लागलंही. पण माझ्या भावाला आई अत्यवस्थ असताना सुट्टी मिळाली नाही, हेही नोंदवून ठेवा. दहाव्याला पोचला तो.

डिचोली

मडगावच्या ताई, तुमचं दुःख कळतं. सगळेच साहेब सारखे नसतात. म्हणूनच आमचे साहेब कसे होते ते लिहिते.

मे २०२१. तौक्ते वादळाने गोव्यात झाडं, विजेचे खांब पाडले, आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. तेच वादळ पुढे मुंबई हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रात, गेलं आणि तिथल्या कामगारांच्या राहण्याचा पी-३०५ हा बार्ज (सपाट तळाचं जहाज) बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाच्या जहाजांनी बरीच वाचवली, पण पुष्कळ गेली. माझा धाकटा मुलगा तिथे गेलेल्या एका जहाजावर होता. नोकरी लागून दोन वर्षंही झाली नव्हती.

पहिल्या रात्री त्यांनी जिवंत माणसं वर ओढली. नंतर नुसती प्रेतंच मिळायला लागली. एकाला वर घेताना प्रेताच्या खिशातला मोबाइल वाजला असं त्याला वाटलं. वाजला नव्हता, पाण्यात इतका वेळ कसा वाजेल! पण तो थरथरायला लागला. मग 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत पुन्हा कठड्याशी जाऊन उभा राहिला. मागे हटलास तर भित्रा म्हणतील, ही भीती त्या वयात असतेच.

कमांडिंग ऑफिसर ब्रिजवरून बघत होते. त्यांनी त्याला वर बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "मेरी चाय कोई ढंग की नहीं बनाता. आज तू यहीं रहेगा." दिवसभर त्याला ब्रिजवर ठेवून घेतलं, चहा आणि निरोप एवढंच काम. खाली दोरी धरायला दुसरा गेला. कुणी त्याला हसलं नाही, कारण तो साहेबांच्या हुकमानेच वर होता. मुंबईला लागल्यावर साहेबांनी स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. तो माझ्याशी बोलला नाही, नुसता रडला. मीही.

ते साहेब बहुधा आता दुसरीकडे गेले असतील. त्या जहाजावरच्या आणखी कुणाच्या घरच्यांनी हे वाचलं तर मला कळवा. यंदा चवथीला त्यांना आमच्याकडे जेवायला बोलवायचं आहे.