कोकण किनाऱ्याला खुणा केलेली सलग पायवाट हवी का?

सडाफटिंग
रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवरच्या पुलांची कामं निघाली आहेत. गाडीवाल्यांची सोय होतेय, होऊ दे. माझं म्हणणं एवढंच, की त्याच किनाऱ्याला चालणाऱ्यांसाठीही एक सलग वाट असावी, जागोजागी खुणा केलेली.

नवीन काही बांधायचं नाही. उदाहरणार्थ गुहागरहून निघायचं, पालशेत, बुधल, वेळणेश्वर, हेदवी, रोहिले करत तवसाळ गाठायचं. फेरीबोटीनं पलीकडे जयगडला उतरायचं आणि मालगुंडवरून गणपतीपुळे. यातले बरेच तुकडे आजही पायी होतात. थोडी वाळूची पुळण, मग वरचा कातळी माळ म्हणजे सडा, जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाडीनं खाली वाडीत, ओढ्यावरचा साकव ओलांडला की परत चढ. पण या वाटा मरतायत. पोरं स्कूटीवरून कॉलेजला जातात, बाजारहाट रिक्षानं होतो. दोन-तीन पावसाळे कुणी चाललं नाही की पाखाडीत रानमोडीचं तण माजतं आणि वाट होती हेही कुणाला आठवत नाही.

गाडीतला पर्यटक देऊळ, फोटो, मासे थाळी करून संध्याकाळी महामार्गाला लागतो. चालणारा गावात मुक्काम करतो. वेळासला कासवं बघायला येणारे गावकऱ्यांच्या घरात राहतात, तिथेच जेवतात. तसं बाकीच्या गावांत का होऊ नये?

कलमवाला
"पाखाडीनं खाली वाडीत" असं तुम्ही सहज लिहिलंत. त्या तीन शब्दांत माझी बाग येते.

तुमचा चालायचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तोच आमचा पालवी-मोहोराचा आणि फवारणीचा. पंप चालू आहे, वरच्या फांदीवर औषध पडतंय आणि खालून पंधरा जणांचा ग्रुप "काका, फोटो काढू का?" म्हणत येतोय, हे डोळ्यांसमोर आणा. बेडं, म्हणजे बागेचं फाटक, उघडून आत येणारा प्रत्येकजण ते परत लावतोच असं नाही. मागून गुरं शिरतात आणि नवीन लावलेल्या कलमांचे शेंडे खाऊन जातात.

आणि सडा. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत नुसती काडी असते. एक पेटती विडी टाकली की वणवा खालच्या काजूत उतरतो. दहा वर्षं वाढवलेली झाडं दुपारभरात जातात. त्या वेळी तुमची पायवाट समिती कुठे असेल? तुम्हाला वाट मोकळी दिसते कारण ती आम्ही बेणून, झाडोरा तोडून ठेवतो, आमच्या पैशानं.

वहिवाटदार
कायद्याचं आधी बघून घ्या, मग भांडा.

जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 शेतकऱ्याला दुसऱ्याच्या हद्दीवरून आपल्या शेतात जायला रस्ता देतं. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली कुणी वहिवाटीचा रस्ता अडवला तर सहा महिन्यांत दाद मागता येते. आणि वीस वर्षं विनाअडथळा वापर असेल तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार आहे. या तिन्हींत फिरायला आलेला माणूस कुठेच नाही. वहिवाट असते ती शेताला जाणाऱ्याची, गाववाल्याची. डोंबिवलीहून सॅक घेऊन आलेल्याला कलमवाले आत घेतात तो त्यांचा भलेपणा.

म्हणजे सडाफटिंग, तुमची वाट प्रत्येक सातबाऱ्याच्या मालकाच्या लेखी संमतीशिवाय कागदावर उभी राहत नाही. कोकणात एकेका सातबाऱ्यावर किती नावं असतात आणि त्यातली किती मुंबईला, हे वेगळं सांगायला नको.

ब्रिस्टलकर
इथे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला माइनहेडपासून पूलपर्यंत सलग किनारी वाट आहे, 630 मैल. ती पर्यटनासाठी जन्मलीच नव्हती. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर पाळत ठेवायला तटरक्षक प्रत्येक खाचखळग्यातून गस्त घालायचे, त्यांनी पाडलेली ती वाट. गस्त संपली, वाट राहिली. खासगी शेतांतून जाते, पण चालण्याचा हक्क कायद्यानं नोंदलेला आहे. मेंढरं असतील तिथे कुत्र्याला दोरी लावा असं लिहिलेलं असतं आणि फाटक असं बनवतात की माणूस जातो, जनावर अडकतं. कलमवाल्यांच्या बेड्याचा प्रश्न तेवढ्यानं सुटतो.

कलमवाला
@ब्रिस्टलकर, फाटक छान आहे. आता त्याच वाटेवरच्या कॉर्नवॉलमधल्या घरांच्या किमतीही सांगा. सुट्टीपुरतं घर घेणाऱ्यांनी तिथल्या पोरांना गावात घर घेणं मुश्कील केलंय हे तुमच्याकडच्याच बातम्यांत वाचतो. आमच्याकडे एजंट आधीच फिरतायत. वाटेला खुणा लागल्या की तिला "सी-व्ह्यू ट्रेल टच प्लॉट" म्हणायला किती वेळ लागेल?

ब्रिस्टलकर
किमतींचं खरं आहे. पण प्लॉटवाले तुमच्याकडे महामार्गामुळे येतायत, चालणाऱ्यांमुळे नाही. दोष योग्य ठिकाणी द्या.

कातळवेडा
मला भीती खुणांचीच आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं, 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कित्येक ठिकाणी चित्राभोवती साधा चिऱ्यांचा गडगाही नाही. रेघ बोटभर खोल असते, उन्हं कलली की दिसते, भर दुपारी तुम्ही हत्तीच्या पोटावर उभे असता आणि पत्ता नसतो. तिथे कुणीतरी हौशी ऑइलपेंटचा बाण काढणार. सह्याद्रीतल्या गडवाटांवर बघा, एका वळणावर तीन संस्थांचे तीन रंग.

वेंगुर्लेकर
खुणो कित्याक होयेत? वाटेर खयच्याय म्हाताऱ्याक इचारा, तो सांगतलो. मोबाईल बघीत चलणारो खय पडतलो ता देवाक म्हायत.

सडाफटिंग
@वेंगुर्लेकर, म्हातारा आहे कुठे? लेकाकडे नालासोपाऱ्याला. तोच तर प्रश्न आहे.

@कातळवेडा, खुणा म्हणजे रंग असं मी म्हटलंच नाही. जांभ्याचा चिरा रोवा, गुडघ्याएवढा. सड्यावर तो लांबून दिसतो आणि चित्रापासून वाट शंभर पावलं लांबून नेता येते. आज खूण नाही म्हणूनच माणूस हत्तीच्या पोटावर उभा राहतो.

तांडेल
सगळे जमिनीवरून भांडताय. किनाऱ्याची अर्धी वाट पाण्याची आहे. पुळण संपून कातळ लागतो तिथे ओहोटीला आरामात जाल, भरतीला अडकाल. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेत फलक लावूनही लोक लाटेबरोबर गेलेत. हेदवीच्या बामणघळीत पाणी कसं उसळतं ते बघायला कडेला उभे राहतात, खाली शेवाळ.

आमचा ठोकताळा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पूर्ण भरती. द्वादशीला नऊ. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं, मधल्या दिवसांतल्या भांगाला कमी. चिऱ्यावर बाण कोरण्याऐवजी हे कोरा. आणि ज्याला आजची तिथी सांगता येत नाही त्यानं सड्यावरूनच जावं.

माहेरवाशीण
"गावकऱ्यांच्या घरात राहतात, तिथेच जेवतात" हे वाचून हसू आलं. जेवण करतं कोण? पहाटे उठून घावनं, दुपारी सोलकढी, रात्री तांदळाची भाकरी, आणि मध्ये कुणाला जैन, कुणाला "थोडं कमी तिखट". फलकावर नाव नवऱ्याचं, पैसे त्याच्या खात्यात.

तरी मी वाटेच्या बाजूनं आहे. माझी आई याच पाखाडीनं डोक्यावर आंब्याची पाटी घेऊन धक्क्यावर जायची. रस्ता झाला तेव्हा टेम्पो आला, पाटी गेली, आणि बाईला घराबाहेर पडायचं कारणही गेलं. पैसे बाईच्या हातात पडणार असतील तर दहा चालणारे आले तरी चालतील. तीस नकोत.

कलमवाला
@माहेरवाशीण, दहाला माझीही ना नाही. पण दहाचे तीनशे होताना थांबवणार कोण? साताऱ्याजवळच्या कासला फुलं बघायला येणाऱ्यांवर रोजची मर्यादा ठेवावी लागली, ऑनलाइन बुकिंग आलं. तिथे एक पठार आहे. इथे पन्नास वाड्या आणि हजार मालक.

मला विचाराल तर एकच वाट कुणी अडवत नाही. शिमग्याला पालखी घरोघर फिरते ती. पालखी यायच्या आधी ती वाट बेणली जाते, ढासळलेला चिरा बसवला जातो आणि भावकीत कोर्टकज्जे चालू असले तरी बेडं उघडं असतं. त्यासाठी सरकारी योजना लागली नाही. खूण करायचीच तर गावकीला विचारून तेवढ्याच वाटेला करा. दोन गावांमधलं तुमचं तुम्ही बघा.

सडाफटिंग
पालखी गावाच्या शिवेला थांबते. मोडलेली वाट नेमकी शिवेपलीकडे आहे, दोन गावांमधल्या सड्यावर आणि घाटीत. ती कुठल्याच गावकीची नाही, म्हणून तर हा धागा काढला.

वहिवाटदार
मग शिवेवरचे तुकडे आधी गाव नकाशावर बघा. जुन्या नकाशांत पायवाट तुटक रेघेनं दाखवलेली असते. जिथे रेघ आहे तिथे ग्रामसभेचा ठराव घेता येईल. जिथे नाही तिथे मालकाकडे चहाला जा.

तांडेल
तेवढं करताना अजून एक विचारा. जयगडच्या खाडीवर पूल झाला की फेरीबोट चालू ठेवणार की बंद? बंद झाली तर तवसाळला पोचलेला तुमचा माणूस पलीकडे जाणार कसा? पुलाला चालणाऱ्यासाठी कडेची पट्टी ठेवली आहे का, हे काम चालू आहे तोवर विचारलेलं बरं.