दरवळणं, मुरणं आणि मनगटावरचं शालिमार

भाचीने वाढदिवसाला शालिमारची छोटी कुपी दिली. गेर्लां या पॅरिसच्या घराण्याचं हे १९२५ सालचं पर्फ्यूम, नाव मुघलांच्या शालिमार बागेवरून. भाचीची अट एकच: कसं वाटलं ते मराठीत लिहून पाठव. तिथेच अडले आहे.

रविवारी सकाळी दहाला मनगटावर दोन फवारे घेतले. पहिली दहा मिनिटं नुसतं बर्गमोट, म्हणजे लिंबाच्या जातीचंच. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सरबत करतेयस का?" अकराच्या सुमाराला लिंबू गेलं आणि खालून काहीतरी धुरकट, कातड्याच्या जुन्या पाकिटासारखं वर आलं. दुपारी व्हॅनिला, पण आइस्क्रीमचा नव्हे; आरती झाल्यावर विझत आलेल्या धुपाटण्याजवळ येतो तसला गोडवा. संध्याकाळी मनगट नाकाशी नेल्याशिवाय काही कळेना. पदराला मात्र दुसऱ्या दिवशीही होता.

आता अडचणी. फ्रेंचमध्ये 'सियाज' असा शब्द आहे, मूळ अर्थ बोट पुढे गेल्यावर पाण्यावर मागे उरणारी रेघ. माणूस गेल्यावर मागे राहणाऱ्या सुगंधालाही तोच शब्द. त्याला 'दरवळ' चालेल? दुसरं, वरचा तिखटपणा जाऊन खालचा वास स्थिरावतो त्याला मी 'वास उतरला' म्हटलं, तर आई म्हणे, "एवढं महागाचं आणि इतक्यात उतरलं?" आणि 'धुरकट' लिहिलं की कौतुकाऐवजी तक्रारच वाटते.

प्रतिसाद १

दरवळ जागेचा असतो. रातराणी अंगणात दरवळते, झाड जागचं हलत नाही. तुमचा सियाज चालत्या माणसाचा. वरच्या मजल्यावरची शेजारीण उतरून गेलेली असते आणि आपल्याला ते जिना चढताना कळतं. त्याला मी 'माग' म्हणेन.

'घमघमाट' तर लिहूच नका. तो मोगऱ्याच्या गजऱ्याला किंवा लग्नातल्या मसालेभाताला शोभतो. लिफ्टमध्ये एखाद्याच्या अंगाचा येतो तो भपकारा. आणि क्रियापदंही सांभाळा हं: सेंट मारतात, अत्तर लावतात. 'शालिमार मारलं' म्हणालात तर भाची कुपी परत मागेल.

प्रतिसाद २

अमरकोशात यातलं बरंच आधीच सांगून ठेवलं आहे. 'विमर्दोत्थे परिमलो गन्धे जनमनोहरे.' घासल्या-चोळल्याने उठणारा, मनाला रुचणारा गंध तो परिमल. लगेच पुढे 'आमोदः सोऽतिनिर्हारी': तोच फार दूरवर पसरला की आमोद. म्हणजे अंगालगतचा आणि लांब जाणारा हे दोन वेगळे मोजायचे असतात, हे कोशकाराला पक्कं ठाऊक होतं. आपण मराठीत परिमळ सरसकट कुठल्याही सुवासाला लावला आणि आमोद फक्त आमोदप्रमोदात उरला. सियाजला 'आमोद' सुचवला असता, पण आज ऐकणाऱ्याला ते शेजारच्या मुलाचं नाव वाटेल.

प्रतिसाद ३

काका, 'चोळल्याने उठणारा' वाचून हसू आलं. मॉलमधल्या काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, "मनगटं एकमेकांवर घासू नका." घासलं की कातडी तापते आणि लिंबासारखे हलके वास लवकर उडतात, असं तिचं म्हणणं, ते बरोबरच आहे. पण आपल्याकडे हळदीकुंकवाला अत्तर हाताच्या पाठीवर लावून चोळतातच की! फरक मालाचा आहे. पारंपरिक अत्तर चंदनतेलात धरलेलं, मद्यार्क नाही. त्याला आधी उडून जाणारं फारसं काही नसतं आणि अंगाच्या उबेने ते हळूहळू फुलतं. ओ द पार्फम या फवारायच्या पर्फ्यूमच्या प्रकारात सुगंधी द्रव्य साधारण १५ ते २० टक्के, बाकी बहुतेक मद्यार्क. म्हणून पहिल्या मिनिटाला मत देऊ नये, आणि दुकानातल्या कागदी पट्टीवर तर नाहीच. कागदाला ना ऊब, ना तेल. शिवाय पुण्याच्या एप्रिलात कातडी कोरडी पडते, तिच्यावर कुठलाच वास टिकत नाही. आधी थोडं खोबरेल लावून बघा. बिनवासाचं मिळालं तर उत्तम, नाहीतर शालिमारमध्ये नारळ.

'उतरणं'ऐवजी 'मुरणं' घ्या. लोणचं मुरतं तेव्हा तिखट, मीठ, आंबट वेगवेगळं लागायचं थांबतं. दुपारी दोनला तुमच्या मनगटावर तेच झालं.

प्रतिसाद ४

'धुरकट' खटकतं ते 'कट'मुळे. मळकट, तेलकट, मातकट... या प्रत्ययाने कौतुक सहसा होत नाही. 'धुपासारखा' म्हणा, की लगेच देवघर दिसतं.

मात्र 'ऊदासारखा' लिहिताना जपून. आपल्या घरातला ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायची राळ, लोबानाच्या कुळातली. पर्फ्यूमच्या बाटलीवर 'ऊद' असतो तो अरबीतला, मूळ अर्थ लाकूड. म्हणजे आपला अगरू. कॅम्पात एका दुकानात मी 'ऊदाचं दाखवा' म्हटलं, आणि आजीच्या तिन्हीसांजेच्या धुरीची वाट बघत असताना हातावर आलं ते तबेल्यासारखं काहीतरी. दुकानदार बरोबर होता, चूक माझ्या शब्दाची.

मूळ प्रश्नकर्ती

'मुरणं' घेतलं. 'धुपासारखा' घेतला. 'माग' मात्र गळी उतरत नाही, मला पोलिसांचा कुत्राच दिसतो. त्यापेक्षा नाम नकोच, 'ती गेली तरी जिन्यात रेंगाळत होतं' एवढं पुरे. असंही शालिमारच्या बाबतीत आई जिन्यात नव्हती, सोफ्यावर होती, आणि चारच्या चहाला म्हणाली, "आता बरं वाटतंय. सकाळी फार बोलत होतं."

तिचं हेच वाक्य भाचीला पाठवलं, खाली 'दुपारी मुरलं' असं जोडून. तिचा उलट प्रश्न आला, "मावशी, मुरलं म्हणजे लोणच्यासारखं?" हो म्हणून कळवलं आहे.