मालक कोण आणि शेवट कोणाच्या हातात? मोठे कॉमिक प्रकाशक विरुद्ध स्वतंत्र

शाईचा_डाग (धागाकर्ता)

मार्व्हल-डीसी विरुद्ध स्वतंत्र प्रकाशक हा विषय निघाला की एक गट म्हणतो सुपरहिरो पोरकट, दुसरा म्हणतो इंडीवाले उगाच भाव खातात, आणि तिथेच चर्चा संपते. मला सुपरहिरो आवडतात, त्यामुळे मी पहिल्या गटात नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या दोन कंपन्यांकडे मुख्य पात्राची गोष्ट संपूच शकत नाही, आणि जी गोष्ट संपणार नाही तिच्यात कशालाच किंमत उरत नाही.

सुपरमॅन १९९२ च्या अखेरीस मेला, १९९३ मध्ये परत. जेसन टॉड या रॉबिनला, म्हणजे बॅटमॅनच्या साथीदाराला, मारायचं की ठेवायचं, यावर १९८८ मध्ये वाचकांनी फोनवरून मतं दिली. ५,३४३ विरुद्ध ५,२७१ अशा काठावरच्या फरकाने पोरगा गेला. २००५ मध्ये तोही हजर! मरण सोडा, इथे संसारही टिकत नाही. स्पायडरमॅनचं लग्न १९८७ चं. २००७ मध्ये संपादकांना पीटर पुन्हा सडाफटिंग हवा झाला, म्हणून मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा घडवून वीस वर्षांचा संसार पुसून टाकला. खुद्द लेखकाला तो शेवट पटला नव्हता आणि त्याने ते जाहीरपणे सांगितलंही. पण पात्र त्याचं नव्हतंच.

सगळं येतं ते या मालकीवर. ‘वर्क फॉर हायर’ करारात लेखक-चित्रकाराला पानामागे पैसे मिळतात आणि जे तयार होतं ते कायद्याने कंपनीचं. ज्या पात्रावर सिनेमे, खेळणी आणि गेम उभे आहेत त्याला कायमचं मारायचा अधिकार कुठल्या लेखकाला कोण देईल?

आता दुसरी बाजू बघा. इमेज कॉमिक्स, जिथे मालकी निर्मात्यांकडे राहते, तिची ‘द वॉकिंग डेड’ जुलै २०१९ मध्ये १९३ व्या अंकात संपली. वाचकांना सुगावा लागू नये म्हणून पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठंसुद्धा जाहीर केली होती. चांगली चाललेली मालिका, आणि तिचा लेखक किर्कमन याने तिला पूर्णविराम दिला, कारण तो देणं त्याच्या हातात होतं. जेफ स्मिथचं ‘बोन’ १९९१ ते २००४, ५५ अंक, संपलं. डेव्ह सिमने ‘सेरेबस’ ३०० अंकांचं असेल असं बरंच आधी सांगितलं आणि २००४ मध्ये खरोखर ३०० वर थांबवलं. (त्यातल्या उत्तरार्धाबद्दल न बोललेलं बरं.)

म्हणून माझं मत: पूर्ण गोष्ट वाचायची असेल तर जिथे मालकी निर्मात्यांकडे आहे तिथे जा. बाकी चित्रं, कागद, छपाई, सगळं दुय्यम.

लांबपल्ला

असहमत. तुम्ही ‘शेवट’ म्हणजे पात्राचा मृत्यू धरून बसला आहात. शेवट एकेका लेखकाच्या कामाला असतो. क्रिस क्लेअरमाँटने १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षं एक्स-मेन लिहिले. सोळा वर्षं एकच माणूस तीच पात्रं वाढवतोय, त्यांना थकवतोय, बदलतोय. ‘इमॉर्टल हल्क’ घ्या, २०१८ ते २०२१, ५० अंक, ठरवून सुरू आणि ठरवून बंद. हल्क त्यानंतरही आहे म्हणून ते ५० अंक अपुरे होत नाहीत.

आणि ‘सँडमॅन’चं काय? पात्र डीसीच्या मालकीचं, मालिका जोरात. तरी १९९६ मध्ये ७५ व्या अंकावर थांबवली, कारण लेखकाची गोष्ट सांगून झाली होती. म्हणजे मोठा प्रकाशकही थांबू शकतो.

शिवाय एक आनंद असा आहे जो स्वतंत्र मालिकेत मिळूच शकत नाही. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी एका चौकटीत सहज टाकलेलं पात्र आज दुसराच लेखक उचलतो आणि त्यातून पूर्ण कथानक काढतो. हे साठणं मला आवडतं. पुराणकथा अशाच वाढतात, त्यांना कोणी ‘शेवट कुठाय?’ असं विचारत नाही.

तिरकस

वॉकिंग डेड संपली म्हणता? २०२० मध्ये रंग भरून पहिल्या अंकापासून पुन्हा विकायला काढली की. आमच्या सुपरमॅनला परत यायला साधारण तेवढाच वेळ लागला होता.

शाईचा_डाग

@तिरकस, हाहा, हे आवडलं. पण पुनर्मुद्रण म्हणजे पुनर्जन्म नव्हे.

@लांबपल्ला, सँडमॅन थांबली ती डीसीची मेहरबानी होती, त्या लेखकाचा हक्क नव्हता. मेहरबानी नसली की काय होतं ते डीसीचंच ‘वॉचमेन’ सांगतं. करार असा होता की पुस्तक छापायचं बंद झालं की हक्क लेखक मूर आणि चित्रकार गिबन्स यांच्याकडे परत जातील. १९८७ मध्ये बाराही अंकांचं एकत्रित पुस्तक आलं आणि ते कधी छपाईबाहेर गेलंच नाही. करार अक्षरशः पाळला गेला आणि हक्क कधीच परतले नाहीत. २०१२ मध्ये मूर यांचा स्पष्ट विरोध असताना त्याच पात्रांच्या आधीच्या कथा बाजारात आल्या. बारा अंकांत पूर्ण झालेली गोष्ट, तीसुद्धा उघडली गेली.

रंगपेटी

मी कॉमिक्सना रंग देते, धंदा म्हणून. दोन्हीकडे काम केलंय, त्यामुळे इथे जरा लांब लिहिते.

धागाकर्त्यांनी ‘पानामागे पैसे’ हे शब्द असे वापरलेत जणू ती काही शिक्षा आहे. ज्याला घरभाडं भरायचंय त्याला पान दिलं की पैसे मिळणं ही फार मोठी गोष्ट वाटते. इमेजसारख्या ठिकाणी मुळात पेज रेट नसतो. अंक छापला, विकला, त्यातून प्रकाशकाने आपली ठरलेली फी आणि छपाईचा खर्च कापला, की जे उरेल ते निर्मात्यांचं. उरलं तर! आणि ते हातात येतं अंक बाजारात गेल्यावर. तोवर चित्रकाराने वीस-बावीस पानांचा एक अंक नाही, तीन-चार अंक काढून ठेवलेले असतात. ते महिने तो जगतो कशावर? बहुतेक वेळा मार्व्हल-डीसीच्या कामावर. किंवा जोडीदाराच्या पगारावर. स्वतंत्र कॉमिक्सचे खरे आश्रयदाते म्हणजे नोकरी करणारे नवरे-बायका, त्यांचं नाव श्रेयनामावलीत टाकायला हवं.

यात लेखक त्यातल्या त्यात सुटतो. तो एकाच वेळी तीन-चार मालिका लिहू शकतो. चित्रकाराला महिन्याला एक अंकही कसाबसा होतो. म्हणजे मालकी निम्मी-निम्मी असली तरी जोखीम निम्मी-निम्मी नसते. आणि रंग देणारे, अक्षरलेखन करणारे? मालकीत आमचं नाव क्वचितच असतं. आमच्यासाठी ‘क्रिएटर-ओन्ड’ पुस्तकही वर्क फॉर हायरच असतं, फक्त मालक बदलतो.

मालक बदलला की स्वभाव बदलतो असंही नाही. टॉड मॅकफार्लेन हा इमेजच्या सात संस्थापकांपैकी एक, १९९२ मध्ये मार्व्हल सोडताना निर्मात्यांच्या हक्कांचा झेंडा घेतलेला. १९९३ मध्ये त्याच्या ‘स्पॉन’चा नववा अंक पाहुण्या लेखकाने लिहिला, त्यात अँजेला हे पात्र आलं. त्या पात्राच्या हक्कांवरून तो लेखक, म्हणजे नील गेमन, कोर्टात गेला आणि मॅकफार्लेन हरला. २०२१ मध्ये इमेजच्याच कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना संघटना काढावी लागली, २०२२ च्या जानेवारीत मतदान होऊन तिला मान्यता मिळाली. वाईट कंपनी आहे असं मी म्हणत नाही. पण ‘स्वतंत्र’ हा शब्द कव्हरवर असला की आतले सगळे स्वतंत्र झाले, असं होत नाही.

माझा स्वतःचा अनुभव एवढाच सांगते की एका छोट्या प्रकाशकाकडचे शेवटच्या दोन अंकांचे पैसे आजतागायत आले नाहीत. मोठ्यांकडून बिल उशिरा आलंय, बुडालं कधी नाही.

लांबपल्ला

@रंगपेटी +१. हे कोणी बोलत नाही.

जुना_गठ्ठा

पण बुडवणं फक्त बिलाचं नसतं ना? सुपरमॅन घडवणाऱ्या सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला दिले. १९७५ मध्ये सिनेमा येऊ घातला आणि बभ्रा झाला, तेव्हा कुठे प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर आणि नावाचं श्रेय मिळालं. बॅटमॅन घडवण्यात हात असलेला बिल फिंगर १९७४ मध्ये गेला; बॅटमॅनच्या श्रेयात त्याचं नाव अधिकृतपणे आलं २०१५ मध्ये. जॅक कर्बीला स्वतःच्या हाताने काढलेली मूळ पानं मार्व्हलकडून परत मिळवायला ऐंशीच्या दशकात भांडावं लागलं, आणि मिळाली ती थोडीच. पेज रेट सगळ्यांना वेळेवर मिळाला होता.

दुसरं म्हणजे ‘इंडी’ म्हणून तुम्ही सगळे नक्की कोणाबद्दल बोलताय? डार्क हॉर्स १९८६ पासून स्वतंत्र होती, ती २०२२ मध्ये एम्ब्रेसर या गेम कंपनीच्या समूहात गेली. बूम ही प्रकाशन कंपनी २०२४ मध्ये पेंग्विन रँडम हाउसने घेतली. इमेजच्या दुकानात २०२३ पासून हॅस्ब्रोचे ट्रान्सफॉर्मर्स जोरात विकले जातायत, म्हणजे खेळण्यांच्या कंपनीची पात्रं. याउलट माइलस्टोन बघा. १९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी आणि मंडळींनी सुरू केली, छपाई-वितरण डीसीचं, पण पात्रांची मालकी माइलस्टोनकडेच. तिला कुठल्या खान्यात टाकणार? आणि मुलांच्या पुस्तकांत स्कॉलॅस्टिक जे खपवते त्यापुढे मार्व्हलचे मासिक अंक किरकोळ वाटावेत. ‘बोन’चं नाव वर आलंय म्हणून सांगतो, स्मिथने स्वतः काळ्या-पांढऱ्यात छापलेलं ते पुस्तक मुलांच्या हाती पोचलं ते २००५ पासून स्कॉलॅस्टिकने रंगीत काढल्यावर.

खरोखर छोटे राहिलेत ते फँटाग्राफिक्ससारखे, १९७६ पासून. हर्नांडेझ बंधूंचं ‘लव्ह अँड रॉकेट्स’ तिथे १९८२ पासून येतंय. त्यातली माणसं खऱ्या वेगाने म्हातारी होतात, आणि मालिका अजून संपलेली नाही. धागाकर्ते, तुमच्या शेवटाच्या सिद्धांतात ही बसवून दाखवा.

शाईचा_डाग

@जुना_गठ्ठा, बसते. मी संपलीच पाहिजे म्हणत नाही, संपवणं कोणाच्या हातात आहे ते विचारतोय. ‘लव्ह अँड रॉकेट्स’मधल्या मॅगीचं वय वाढतं, तिचं वजन वाढतं, जुनी प्रेमं परत येतात ती वेगळी होऊन. पीटर पार्करला हे करू द्या, मी आजपासून मार्व्हलचा.

@रंगपेटी, तुमचं म्हणणं खोडण्यासारखं नाही आणि मी खोडणारही नाही. पण तुम्ही मांडलंय ते कोण कसा जगतो याचं गणित आहे. मी वाचक म्हणून विचारतोय की हातात काय पडतं. चित्रकाराला पगार कोणी दिला यावर पान चांगलं-वाईट ठरत नाही, पण ते पान उद्या पुसलं जाईल की नाही, हे नक्की ठरतं.

रंगपेटी

पान पुसलं जाण्याआधी ते काढलं जावं लागतं हो. इमेजची ‘सागा’ २०१८ मध्ये ५४ व्या अंकावर थांबली ती २०२२ च्या जानेवारीत परत आली. लेखक व्हॉन आणि चित्रकार स्टेपल्स यांना ही सुट्टी परवडली कारण मालिका तुफान खपत होती. ज्यांची खपत नाही त्यांची मालिका चौथ्या अंकावर लटकते आणि कोणाला कळतही नाही. तुमच्या यादीत फक्त पार पोचलेली जहाजं आहेत.

कोपऱ्यातली_चौकट

वितरणाबद्दल कोणीच बोललं नाही. अमेरिकेतली कॉमिक दुकानं अंक दोन-तीन महिने आधी मागवतात आणि न खपलेले बहुतेक परत करता येत नाहीत. दुकानदार बॅटमॅन डोळे मिटून मागवतो. अनोळखी मालिकेच्या दोन प्रती मागवायलाही हात कचरतो. पहिल्या अंकाला उत्सुकता असते, दुसऱ्याला ऑर्डर कोसळते. मोठे प्रकाशक सतत नवा ‘अंक १’ आणि दहा-दहा व्हेरिएंट कव्हर (त्याच अंकाची वेगवेगळी मुखपृष्ठं) काढतात ते यामुळेच.

डायमंड ही वितरण कंपनी वर्षानुवर्षं जवळपास एकटीच होती. डीसी २०२० मध्ये बाहेर पडली, मार्व्हलने २०२१ मध्ये पेंग्विन रँडम हाउस गाठलं. जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा आत अडकले कोण? छोटे. त्यांची विक्रीसाठी ठेवलेली पुस्तकं डायमंडच्या गोदामात होती, ती विकून सावकारांचं देणं भागवायचा घाट घातला गेला आणि त्यांना कोर्टात जाऊन विरोध करावा लागला. पुस्तकावर मालकी होती, पात्रांवर मालकी होती, फक्त गोदामाची किल्ली दुसऱ्याकडे.

तिरकस

धागाकर्त्यांसाठी शेवटचा प्रश्न. निन्जा टर्टल्स, १९८४, ईस्टमन आणि लेअर्ड या दोन पोरांनी ३,००० प्रती स्वतः छापल्या. याहून स्वतंत्र काय असतं? २००९ मध्ये पीटर लेअर्डने सगळं व्हायाकॉम या मोठ्या माध्यम कंपनीला ६ कोटी डॉलरला विकलं. आता ती कासवंही कधी मरणार नाहीत. मालकी होती, आणि तिचा वापर झाला तो तुम्हाला नको त्याच कामासाठी.

शाईचा_डाग

विकू दे की. पंचवीस वर्षं हातात ठेवून, किंमत पुरती कळल्यावर विकलं. सीगल-शुस्टर तेविशीत होते आणि सुपरमॅनचा पहिला अंकही तेव्हा बाजारात आला नव्हता. विकायची वेळ कोणी निवडली, हा फरक तुम्हाला दिसत नाही का?

तिरकस

दिसतो. पण वाचक म्हणून हातात काय पडतं हे तुम्हीच विचारत होतात. कासवं तीच, मालक कंपनीच, शेवट नाहीच. लेअर्डला भाव चांगला मिळाला, यात मी वाचक म्हणून काय वाचू?

रंगपेटी

@तिरकस, ‘द लास्ट रोनिन’ वाचा. २०२० ते २०२२, पाच अंक, तीन कासवं आधीच गेलेली, चौथा म्हातारा. कल्पना ईस्टमन-लेअर्ड यांचीच जुनी, आणि छापलं गेलं व्हायाकॉमकडे मालकी गेल्यावर, परवान्यावर. तुम्हा दोघांच्याही बाजूने वापरता येईल, भांडत बसा. मला उद्या सकाळपर्यंत चार पानं द्यायची आहेत.