भरती-ओहोटी सांगणारं प्रवासाचं ॲप आहे का? (हरिहरेश्वर ते गुहागर, आई-बाबांसोबत)

सायली_कोथरूड
डिसेंबरात आई-बाबांना घेऊन आधी हरिहरेश्वर, मग गुहागर. चार दिवस, गाडी घरची. आई 68 ची, गुडघे दुखरे. फोनमध्ये प्रवासाची तीन ॲप आहेत आणि तिन्हींचा जीव ‘या दरात फक्त 2 खोल्या शिल्लक’ एवढ्यातच अडकलेला.

मागच्या वेळी हरिहरेश्वरला ॲप म्हणालं, ‘आत्ता खुलं’. प्रदक्षिणेला पायऱ्या उतरू लागलो, तर खाली खडकांवर लाटा फुटतायत. देऊळ खुलं होतं हो, वाट समुद्राने बंद केलेली! आई अर्ध्यातून परत वर चढली. पायऱ्या किती, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. खोलीचं तेच. फोटोत समुद्र, प्रत्यक्षात दुसरा मजला, लिफ्ट नाही, कमोड नाही. वर शेरा ‘कुटुंबासाठी उत्तम’. कुणाच्या कुटुंबासाठी?

मला एवढंच कळायला हवंय: पायऱ्या किती, कमोड आहे का, भरती कधी, शेवटची फेरीबोट कधी. तेही रेंज नसताना. आहे का असं काही?

नकाशेवाला
सगळं एका जागी मिळणार नाही. गूगल मॅप्सवर तेवढा भाग घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. गाडीचा रस्ता रेंजशिवायही दाखवतो, चालायची वाट मात्र नाही. त्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स घ्या. त्याचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेला. पायऱ्या, स्वच्छतागृहं कुणी टाकली असतील तरच दिसतील.

आणि सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ चालू नाही ना, ते बघा. चालू असेल तर हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून खाडीपलीकडे वेश्वीला बोटीने न नेता आंबेत-म्हाप्रळचा वळसा घालायला लावेल. मी घातलाय. बायको अजून ऐकवते.

खाडीकाठचा
ताई, भरतीला ॲप कशाला? आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. मात्र हा अंदाज आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. पाणी बरंच ओसरल्यावर उतरा, ते पुन्हा फिरायच्या आत वर या, आणि उतरण्याआधी देवळापाशी विचारा. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत.

फेरीबोटीचं म्हणाल तर पुढे दाभोळहून धोपाव्याला दुसरी बोट लागेल. दोन्हींवर गाडी चढते. वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि जवळ सुटे पैसे ठेवा. धक्क्यावर रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत, मागे गाड्यांची रांग लागते आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

कमोडचंही फोनवरच विचारा. ‘आहे’ म्हणाले तर लगेच फोटो मागवा. मीही दोन खोल्या भाड्याने देतो. ॲपच्या फॉर्मात वायफाय, एसी, पार्किंग सगळं विचारतात. कमोड आणि पायऱ्यांचा रकानाच नसतो. मग आम्ही तरी लिहिणार कुठे?

सायली_कोथरूड
दादा, रकानाच नाही हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उगाच घरमालकांवर चिडत होते.

आम्ही पोचतोय त्या दिवशी त्रयोदशी आहे. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे ओहोटी पावणेचारच्या आसपास. दुपारी जेवून आडवं न होता अडीचला निघायचं, बरोबर ना? बाबांना हे पटवणं अवघड आहे.